घर पडणार नाही, आई

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते, वजनाचा विषय नको. व्हिडिओ कॉलवर भिंतीतल्या लोखंडी चकत्या बघून आई घाबरली म्हणून हे सविस्तर लिहितेय. किल्लारी बघितलेल्या माणसाला भूकंप म्हटलं की काय होतं ते कळतं गं मला, पण इथला, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्स्टन शहराचा भूकंप 31 ऑगस्ट 1886 चा आणि हे विटांचं घर त्याच्याही आधीचं, गुलामगिरी होती तेव्हाचं, म्हणजे एकदा हलून उभंच राहिलंय ना! नंतर भिंती बाहेर कलू नयेत म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आरपार सळ्या घातल्या नि बाहेरून नट आवळले, त्याच्याच त्या चकत्या. (बाबा, वाचून दाखवताना एवढं गाळा: त्यांचा खरंच किती उपयोग होतो यावर इंजिनियर लोकांत वाद आहे.)

दाराची मात्र गंमतच आहे. इथली जुनी घरं रुंदीला एक खोली, अरुंद बाजू रस्त्याकडे, आणि एका अंगाला लांबलचक व्हरांडा, त्याला पियाझा म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात नाही, व्हरांड्यात! घराचं खरं दार व्हरांड्याच्या मधोमध. आता बाहेरचं दार उघडं असेल तर या बसा, बंद असेल तर घरातली माणसं वारा खात पाय पसरून बसलीत, हाक मारायची नाही, असं घरमालकीणबाई सांगतात. माणूस कठड्यातून ढळढळीत दिसतोय, तरी न दिसल्यासारखं करून पुढे जायचं. आपल्याकडे असं कुणी केलं तर भांडण झालंय म्हणतील.

मी मागच्या अंगणातल्या विटांच्या इमारतीत राहते, खाली पूर्वी स्वयंपाकघर, वर गुलाम माणसं राहायची ती खोली माझी. जिन्याजवळच्या एका विटेत तीन बोटं उमटलीत, वीट ओली असताना उचलली असणार, फार बारीक बोटं आहेत, एखाद्या पोराची असावीत. रोज येता-जाता तिथं नजर जातेच. पण भाडं हेच परवडतं.

भाड्यावरून आठवलं, चाळीस हजार पाठवलेत, आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या, दादाच्या कर्जाचं पुढच्या महिन्यात बघते. पुण्याच्या स्थळाचा बायोडेटा वाचला, मी नाही म्हटलेलं नाही हं, फक्त दिवाळीत बघण्याचा कार्यक्रम ठरवू नका, कारण यंदाही सुट्टी नाही मिळाली. आजीला मीच सांगते, तुम्ही काही बोलू नका. पाडव्याला बाबांना व्हिडिओवरच ओवाळीन, ओवाळणी जीपेवर टाका, त्यात उधारी चालणार नाही.

तुमची,
मनू