नदीजोड होईल तेव्हा होईल, आधी धुऱ्यावरचे पाणी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर लांब कालव्याने पार बुलडाण्याच्या नळगंगेपर्यंत न्यायचे आणि वाटेतले जिल्हे भिजवायचे, अशी योजना आहे. व्हावी, आमचा विरोध नाही. पण ज्या गोसीखुर्दातून हे पाणी यायचे, त्याचे भूमिपूजन १९८८ साली झाले आणि त्याची सगळी कामे अजून उरकायची आहेत, हे विदर्भात शेंबडे पोरही सांगेल. तोवर आमच्या वावरावर आणि धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आजच पडणाऱ्या पाण्याचे काय, एवढे विचारायला हे पत्र.

पाऊस कमी झाला अशी आमची ओरड नाही. त्याची तऱ्हा बदलली. २०२३ सालचेच घ्या. जुलैच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात असा पाऊस झाला की महागाव तालुक्यासाठी हेलिकॉप्टर मागवावे लागले. त्यानंतरचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरी काढणाऱ्याला अशा दोन महिन्यांची बेरीज बरी दिसेलही, पण सोयाबीन सरासरीवर फुलत नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. ते मग एकदम कोसळते आणि मधले दिवस कोरडे जातात. मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढली, असे हवामानाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ‘यंदा निसर्ग कोपला’ असे दरवर्षी म्हणण्यात आता अर्थ नाही.

आमची जमीन काळी, भारी. चार दिवस झड लागली की ती चिभडते, म्हणजे पाण्याने गच्च होते, वाफसा येत नाही, डवरा (आंतरमशागतीचे औत) चालत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि पीक पिवळे पडते. तीच जमीन पावसाने तीन आठवडे दडी मारली की भेगाळते, आणि नेमकी तेव्हा सोयाबीनची शेंग भरायची वेळ असते. म्हणजे एकाच वावरातून जुलैत पाणी काढायचे आहे आणि ऑगस्टअखेर त्याच वावराला पाणी द्यायचे आहे. आपल्याकडे सिंचन म्हटले की फक्त देण्याचा हिशेब होतो, काढण्याचा होत नाही.

साधे गणित मांडतो. सरकार २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला की अतिवृष्टी धरते. एका एकरावर ६५ मिलिमीटर म्हणजे सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. पावसाचा खंड पडल्यावर स्प्रिंकलरने एक ओलित करायला एकरी दीड-दोन लाख लिटर पुरते. जोराच्या पावसातले निम्मे पाणी जरी वाहून जात असेल, तरी दोन एकरांवरून गेलेले पाणी एका एकराचे पीक वाचवू शकते. ते पाणी सध्या आपल्यासोबत वावरातली चांगली माती घेऊन नाल्यात जाते.

मग शेततळे करा, असे कृषी खाते म्हणेल. म्हणतेच. पण ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल तळे नऊ गुंठे जागा खाते, काठ धरले तर त्याहून जास्त. ज्याच्याकडे तीन एकर आहे त्याने एवढी जमीन का द्यावी? त्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे चार-पाच शेजाऱ्यांच्या दहा-बारा एकरांना एक ओलित. तळे सामूहिकच हवे. सामूहिक शेततळ्याची योजना आहे, पण तिचा ओढा फळबागांकडे. कोरडवाहू सोयाबीन, तूर, कपाशीवाल्यांनी नाल्याकाठी मिळून तळे करायचे म्हटले की सातबारा कोणाचा, अनुदान कोणाच्या खात्यात, इथेच घोडे अडते. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले) शेकडो वर्षे गावाने मिळून सांभाळले. तिथे जमले ते इथे कागदामुळे अडू नये.

पाणी काढायचे तर त्याहून अवघड. कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडा. दोरीला खर्च तो किती! रुंद वरंबा-सरीची पेरणीही, म्हणजे रुंद वरंब्यावर पीक आणि दोन्ही बाजूंना सरी, चांगली. सरी थोड्या पावसात ओल धरते आणि जास्त पावसात पाणी बाहेर काढते. पण माझ्या सरीचे पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर गेले की भांडण. त्याच्या पुढचा नाला बुजलेला, कोणी वाहितीत घेतलेला. त्यापुढे नवा डांबरी रस्ता, गावापेक्षा उंच, आणि त्याखाली एवढीशी मोरी. रस्ता कोणाचा आणि मोरी कोणाची हे विचारत एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते, आणि तोवर वावरात तळे साचते. ही गोष्ट एकट्या शेतकऱ्याच्या हातातली नाही.

ज्यांच्याकडे पैसा आहे ते बोअर मारतात. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात बोअर कुठवर खोल गेले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यात हिवाळ्यात आंबिया बहारासाठी (हिवाळा सरता येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) ताणावर, म्हणजे पाणी तोडून, सोडलेल्या बागेवर अवकाळी पाऊस पडला की ताणच मोडतो; खालचे पाणी उपसले तरी गेलेला बहार परत येत नाही. अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात तर बोअर मारूनही खारे पाणी लागते. तिथे पावसाचे पाणी धरून ठेवण्याशिवाय गत्यंतर नाही.

जाता जाता एक. पाऊस मोजायचे यंत्र महसूल मंडळाच्या एका ठिकाणी. मंडळात कितीतरी गावे. आता ढग या शिवारात फुटतो आणि पलीकडच्या शिवारात धूळ उडते. नुकसानभरपाईसाठीची ६५ मिलिमीटरची अट २४ तासांची, आणि नुकसान करणारा पाऊस दोन तासांचा. प्रत्येक ग्रामपंचायतीत यंत्र हवे आणि त्यात तासागणिक नोंद हवी.

मागणी एवढीच आहे की रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे पावसाळ्याआधी, प्रत्येक गावात शिवारफेरी काढून पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते याचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. नाला मोकळा करणे, मोरी मोठी करणे आणि नाल्याकाठचे सामूहिक तळे या तिन्ही कामांना एकच मंजुरी आणि एकच जबाबदार अधिकारी द्यावा. आणि रस्त्याच्या अंदाजपत्रकावर सही होण्याआधी शिवारातल्या लोकांना विचारावे की मोरी कुठे आणि केवढी पाहिजे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ