शैली आधी की स्वयंपाक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या घरसजावटीच्या पानावरील स्वयंपाकघराविषयीचा मजकूर बहुधा ‘स्कँडिनेव्हियन’, ‘मिनिमल’ अशा सजावटशैलींच्या नावांनी सुरू होतो आणि रंगसंगतीपाशी संपतो. चाळीतल्या खोलीतला ओटा आणि मोरी मागे ठेवून पुनर्विकसित इमारतीत राहायला आलेल्या, आणि त्यामुळे आयुष्यात प्रथमच स्वतंत्र स्वयंपाकघर मांडून घेणाऱ्या लालबाग-परळच्या आमच्यासारख्या कुटुंबांना हाच क्रम महागात पडतो, असा माझा अनुभव आहे.

आमच्या सजावटकाराने पहिल्याच भेटीत शैली कोणती हवी, असे विचारले. रोज भाकऱ्या होतात का, सर्वांत मोठे पातेले केवढे, वर्षाचे तांदूळ भरून ठेवता का, ओट्याशी उभे कोण राहते आणि त्या व्यक्तीची उंची किती, यातले काहीच विचारले नाही. आम्हीही चित्रे पाहून मुठी नसलेली पांढरी कपाटे आणि दिवाणखान्याला जोडलेले खुले स्वयंपाकघर पसंत केले. पहिल्याच आठवड्यात बोंबील तळले, त्याचा वास सोफ्याच्या कापडात चार दिवस मुक्कामाला होता. चिमणी होती, पण धूर बाहेर नेणारी नळी नसलेली. अशी चिमणी हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते, त्यामुळे तेलाचे कण अडले तरी वाफ घरातच राहते. ओटा चित्रातल्यासारखा उंच झाल्याने भाकरी थापताना माझ्या पत्नीचे खांदे भरून येतात. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाची पार्टिकल बोर्डाची फळी फुगली आणि दार लागेनासे झाले. लाकडाचा भुगा चिकटवून दाबलेल्या या फळीच्या कडेतून एकदा पाणी शिरले की ती पूर्ववत होत नाही. सिंकखाली निदान आयएस ७१० या भारतीय मानकाचे, पाण्यात टिकणारे मरीन प्लाय हवे होते, परंतु ती चर्चा पांढऱ्या रंगाच्या छटा निवडण्यात राहूनच गेली. (त्या छटांतला फरक मला आजही सांगता येणार नाही.)

आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ ज्यात शोधले जाते, ते स्वयंपाकघर मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखले. जागा सुमारे १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्या मुंबईकर मापाचीच. कामातली पावले वाचतील अशी मांडणी, कीड लागू नये म्हणून ओक लाकडाचे पिठाचे खण आणि बैठकीच्या खोलीकडे जाणारे सरकते दार, असे त्याचे स्वरूप होते. तिथल्या स्वयंपाकाच्या गरजांतून त्याला रूप आले. आपण मात्र रूप आधी ठरवून फोडणी, वाटण आणि जून ते सप्टेंबरचा दमटपणा त्यात बसवू पाहतो.

खुले स्वयंपाकघर निवडूच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्याकडे तळण क्वचित होते, त्यांना लहान घरात त्याने मोकळेपणा मिळतो. माझी विनंती एवढीच, की यापुढे असे छायाचित्र छापताना सिंकखाली कोणते साहित्य वापरले आहे, चिमणीची नळी कुठून बाहेर काढली आहे, ओट्याची उंची किती आहे आणि त्या घरात रोज काय शिजते, हेही शेजारी द्यावे.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई