पोरींशी बोलाच, पण पोरांशी पण बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कॉलेजच्या ॲडमिशनबरोबरच पोरींसाठी स्थळं बघणं पण सुरू होतं. त्यात मोबाईलवर कुणाशी चॅटिंग सापडलं तर विषयच संपला, शिक्षण बंद आणि लग्न, वर म्हणायचं अब्रू वाचली. पण सतराव्या वर्षी लग्न लावलं तर अठराच्या आतच दिवस जातात की हो, मग वाचवलं काय? एवढ्या कोवळ्या वयात बाळंतपण म्हणजे अंगात रक्त कमी, बीपी वाढून झटके यायची भीती, बाळ कमी वजनाचं. मंगळसूत्र घातलं म्हणून यातलं काहीच बदलत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या सात-आठ मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

घरात काय बोलतो आपण? पाळी आली की पोरीला सांगतो देवाला शिवू नको, पोरांत खेळू नको. आता एकदा जरी संबंध आला तरी दिवस राहू शकतात, हे सरळ कोणी सांगत नाही, आणि पोराला तर काहीच सांगत नाही, तो मोबाईलवर जे बघतो तेच खरं धरून चालतो. अठराच्या आतली मुलगी हो म्हणाली तरी कायदा ते धरत नाही, पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा लागतो, आणि 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर लग्नाच्या बायकोला पण तेच वय लागू आहे, हे किती बापांनी आपल्या पोराला सांगितलंय? र. धों. कर्व्यांनी 1927 पासून मासिक काढून मराठीत लैंगिक विषयांवर उघड लिहिलं, कोर्टात खटले सोसले, आणि आपण अजून जेवताना टीव्हीवर पॅडची जाहिरात लागली तरी चॅनल बदलतो.

आणि पोरगी घाबरत येऊन पाळी चुकली म्हणाली तर आधी हात उचलू नका, तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. पोलिसात नाव जाईल या भीतीने लोक मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणतात, त्यात रक्तस्राव होऊन जिवावर बेततं. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर तिचं नाव उघड करायची गरज नाही असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्येच म्हटलंय. अल्पवयीन मुलीचा गर्भपात पालकांच्या लेखी संमतीने कायदेशीर होतो, 24 आठवड्यांपर्यंत, पण जेवढं लवकर जाल तेवढा धोका कमी.

आशाताई, अंगणवाडीताई बायकांना सांगतात, पण पोरं कुठं भेटणार? ती मंडळात असतात. सोलापुरात गणपती आणि आंबेडकर जयंतीची एवढी मंडळं आहेत, वर्गणी आहे, मांडव आहे, माईक आहे, तर त्यातली एक संध्याकाळ डॉक्टर आणि वकील बोलावून फक्त पोरांसाठी आणि त्यांच्या वडिलांसाठी ठेवा ना. आयांसाठी विडी कारखान्याच्या ब्रँचवर, वळलेल्या विड्यांचा माल द्यायला सगळ्या जमतात तेव्हाच अर्धा तास बोललं तरी चालेल, कारण वेगळा कार्यक्रम ठेवला तर रोजगार बुडतो म्हणून त्या येणार नाहीत. कुठं बालविवाह ठरतोय कळलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तो फुकट लागतो. हा नंबर आणि आपल्या भागातल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचा नंबर लग्नसराईत तुम्ही रोज पहिल्या पानावर छापावा ही माझी विनंती आहे.

– दोन मुलांची आई, पूर्व भाग, सोलापूर