त्याग नेहमी तक्रारदारानेच का करायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चर्चचे छप्पर, सणाचा खर्च, मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) भाषा. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) वाद पेटतात ते बहुधा अशाच गोष्टींवरून. बैठक तापली की कुणीतरी म्हणतेच, ‘ख्रिस्तासाठी एवढे सोडून द्या.’ हे नेहमी तक्रार करणाऱ्यालाच ऐकवले जाते, याला आमचा आक्षेप आहे.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा सहावा अध्याय पाहावा. यरुशलेममध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात होते. कुरकुर सुरू झाली, पण प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक बारा शिष्यांनी, ‘सोसा’ म्हटले नाही. सगळ्या शिष्यांना बोलावून या वाटपासाठी सात माणसे निवडायला लावली. स्तेफन, फिलिप्प यांच्यासह सातही नावे ग्रीक आहेत, म्हणजे माणसे बहुधा तक्रारदारांच्याच बाजूची! ज्यांच्या हाती कारभार होता त्यांनी तो सोडला.

आपल्याकडे मात्र बायबलमधलेच मत्तय 18:15-17 पुढे केले जाते: आधी एकांतात बोला, मग एकदोन साक्षीदार न्या, शेवटी मंडळीला सांगा. ही वाट अपराधासाठी आहे. छपराला पत्रा की कौल, हा कुणाचा अपराध नव्हे. तो प्रश्न पहिल्यापासून सगळ्यांसमोरच यायला हवा. आणि जिथे खरोखर कुणी दुखावले गेले आहे, तिथे आपण उलटे चालतो. पहिला मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि साक्षीदार म्हणून आपल्याच बाजूची दोन माणसे.

कॅथलिक धर्मसंहितेच्या (1983) कलम 536 नुसार पालकीय समितीला (पॅरिश कौन्सिलला) फक्त सल्ला देता येतो. हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगावे. हात वर करून मतदान घ्यायचे आणि नंतर ‘तुमचे मत सल्ल्यापुरते’ म्हणायचे, यातून माणसे तुटतात. कलम 1267 प्रमाणे ज्या कारणासाठी दान दिले, त्याच कारणासाठी ते वापरायचे असते. छपराचे पैसे सणाच्या मंडपाला वळवता येत नाहीत, ‘नंतर भरून काढू’ म्हणूनही नाही.

वर्गणीचे तर फारच जपून करावे. पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात घरटी ठरावीक हप्ता लावला तर तो त्याग नसतो, ते कर्ज होते. बंदीचे महिने वगळून हप्ते बांधावेत, रक्कम बंद पाकिटात घ्यावी, वेदीवरून देणगीदारांची नावे वाचू नयेत.

इतिवृत्तात नुसते ‘सर्वानुमते’ न लिहिता विरोधी मत कारणासह नोंदवावे. ते राहिले की ती घरे आधी बैठकीला आणि मग आळीतल्या प्रार्थनेलाही यायची थांबतात. येत्या उपवासकाळात (ईस्टरआधीच्या) पॅरिश कौन्सिलने एक करून पाहावे: ज्यांना निर्णय पटलेला नाही, त्यांच्यातल्याच एकाकडे त्या कामाच्या हिशेबाची वही द्यावी.

आपले,
काही धर्मग्रामस्थ, वसई