खरखर तबकडीची नाही, गाण्याची आहे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या न्यूयॉर्कच्या हिप-हॉप गटाच्या पहिल्या अल्बमच्या २०१५ सालच्या रिमास्टर (जुन्या टेपवरून आवाज नव्याने जुळवून काढलेल्या) आवृत्तीवर अर्धं पान लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात हिप-हॉपला एवढी जागा मिळाली याचा आनंद आहे, आणि म्हणूनच राग जास्त आला. 'जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढून टाकल्यामुळे आता प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं' हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापलं आहे. ते साफ चूक आहे.

या अल्बममधलं 'कॅन आय किक इट?' लावा. सुरुवातीला बेस आहे आणि त्याच्यामागे खरखर. हा बेस अमेरिकन गायक लू रीडच्या १९७२ सालच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'मधला, हर्बी फ्लॉवर्सने वाजवलेला. आधी उभा डबल बेस आणि त्यावर इलेक्ट्रिक बेसचा दुसरा थर. १९९० च्या या अल्बमसाठी ट्राइबने तो तुकडा रेकॉर्डवरून उचलला (अशा तुकड्याला सॅम्पल म्हणतात) तेव्हा रेकॉर्डची खरखरही त्याच्यासोबत आली आणि गाण्यातच राहिली. नव्या आवृत्तीत ती आहे, आणि असायलाच हवी.

खरखर गाण्यातली की आपल्या तबकडीवरची, हे ओळखणं अवघड नाही. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. तबकडीवर आडवा चरा असेल तर 'टक्' दर १.८ सेकंदांनी येणार, गाण्याची लय काहीही असो. या गाण्याची लय मिनिटाला साधारण ९७ मात्रांची. चार मात्रांना जेमतेम अडीच सेकंद लागतात. सॅम्पलमधला 'टक्' बेसच्या आवर्तनाला बांधलेला असतो. तो त्याच स्वरापाशी परत येतो, तालातली टाळी यावी तसा. धुळीचा आवाज कशालाच बांधलेला नसतो. हेडफोन लावून दोन मिनिटं ऐकलं असतं तरी लेखकाला हे कळलं असतं.

आता 'प्रत्येक वाद्य सुटं' याबद्दल. रिमास्टर करणाऱ्याच्या हातात बहुधा दोन चॅनेलची अंतिम टेप असते. तिच्यावर आवाज, ड्रम, सॅम्पल सगळं आधीच एकत्र झालेलं. काम असं चालतं: टेप मशीनवर चढवायची, तिच्या सुरुवातीला नोंदवलेले चाचणीचे सूर वाजवून हेडचा कोन आणि पातळी जुळवायची, चोवीस बिटांच्या डिजिटल रूपात उतरवून घ्यायची, मग अर्ध्या-एक डेसिबलच्या मापाने ट्रेबल-बेसची दुरुस्ती, आणि शेवटी लिमिटर, म्हणजे उसळणारा आवाज ठरलेल्या पातळीवर रोखणारं साधन. यात बेस वेगळा काढून पुसता येत नाही. खरखर घालवणारं सॉफ्टवेअर लावलंच, तर ते अचानक उसळणारी अगदी बारीक टोकं शोधतं आणि तिथे आजूबाजूचा आवाज भरतं. स्नेअर ड्रमचा पहिला फटकाही तसंच टोक असतो, हाय-हॅटचाही (ड्रमच्या जोडझांजांचाही). ते बोथट होतात. शिवाय लूपवर, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून, चालणाऱ्या संगीतात ही चूक एकदा होत नाही, प्रत्येक आवर्तनात होते. ट्राइबचा रॅपर क्यू-टिप याच्या उच्चारातले 'त' आणि 'क' त्याच फटक्यात जातात, कारण तेही त्याच दोन चॅनेलवर आहेत.

त्या पिढीच्या हिप-हॉपचा आवाज मुळात असा का, हे लेखात यायला हवं होतं. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत तेव्हा ई-मू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर (सॅम्पल साठवून वाजवणारं यंत्र) सर्रास दिसायचा. १२ बिट, सेकंदाला सुमारे २६,००० नमुने, आणि साठवण सगळी मिळून १० सेकंदांची. एका तुकड्याला जास्तीत जास्त अडीच सेकंद. जागा वाचवायला ३३ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचं आणि मशीनमध्ये पुन्हा खाली उतरवायचं. २६ किलोहर्ट्झने नमुने घेतले की १३ किलोहर्ट्झच्या वरचं काही हाती लागत नाही. वेग १.३५ पट करून घेतलेला तुकडा मूळ सुरावर आणला की ही मर्यादा साडेनऊच्या आसपास येते. जे टेपवर गेलंच नाही ते ट्रेबल वाढवून कसं येईल? वाढते ती रॅपरच्या 'स'ची शिट्टी, आणि एलपीवर आतल्या खाचांकडे जाताना तीच शिट्टी फाटते.

सगळ्यात जास्त खटकलं ते श्रेय. फॅरेल विल्यम्स, जे. कोल आणि सीलो ग्रीन यांचे फोटो छापलेत. त्या तिघांनी २०१५ च्या आवृत्तीच्या शेवटी जोडलेले तीन रिमिक्स केले. मूळ टेपवरून अल्बम मास्टर करणाऱ्या बॉब पॉवरचं नाव अख्ख्या लेखात एकदाही नाही. मूळ रेकॉर्डिंगच्या अभियंत्यांतही हे गृहस्थ होते. सॅम्पलची खरखर कुठे ठेवायची आणि कुठे आवरायची हे ज्याला मूळ रेकॉर्डिंगपासून माहीत होतं त्याच्याच हाती टेप गेली, ही या आवृत्तीची खरी बातमी. तुमच्या लेखात ती नाही.

'जुनी सीडी आणि नवी आवृत्ती एकापाठोपाठ ऐका, फरक लगेच कळेल' हा सल्लाही अपुरा आहे. फरक कळेल तो बहुतेक पातळीचा. १९९० च्या सुमाराच्या सीडी आजच्या मास्टरपेक्षा हळू आवाजाच्या असतात, आणि एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो. तुलना करायचीच तर दोन्ही फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' वापरून दोन्हींना उणे १८ एलयूएफएसवर (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आणा, आणि कोणती कुठली हे दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगून न बघता ऐका. बेसची शेपूट, स्नेअरचा पहिला फटका आणि 'स', या तीनच जागा ऐका.

एलपी घेणाऱ्यांसाठी एवढंच, की हा अल्बम ६४ मिनिटांचा आहे. बारा इंची एलपीच्या एका बाजूवर २०-२२ मिनिटं नीट बसतात. ३२ मिनिटं कोंबली की खाचा जवळजवळ येतात, पातळी उतरवावी लागते आणि आधी बेस जातो. या संगीतात बेस गेला तर उरलं काय? दोन तबकड्यांची प्रत असेल तरच पैसे खर्च करा.

याच पानावर 'रेकॉर्डची निगा' अशी चौकट आहे. तिची दखल घेणं भाग आहे, कारण तिने प्रत्यक्ष नुकसान होणार आहे. 'कोणतीही जुनी रेकॉर्ड कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसावी' असं तुम्ही छापलंत. तुमच्या वाचकांच्या माळ्यांवर ट्राइबच्या एलपी फार नसतील. नाट्यगीतांच्या आणि लावण्यांच्या ७८ च्या तबकड्या आहेत. त्या लाखेच्या आहेत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसलं की पृष्ठभाग पांढुरका पडतो, खाचांची कड जाते, आणि ते गाणं परत येत नाही.

लाखेची तबकडी ओळखायला सोपी: जड, बहुधा दहा इंची, वाकत नाही, पडली तर काचेसारखी फुटते, लेबलवर बहुधा ७८ लिहिलेलं असतं. ती कोरड्या मऊ ब्रशने, खाचांच्या दिशेने झाडावी. मळ फारच असेल तर लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवून झटपट पुसणं आणि लगेच टिपणं. पाण्यात भिजत ठेवायची नाही, लाखेत मिसळलेली भुकटी पाणी शोषते. एलपीची सुईही तिच्यावर चालवू नये. ७८ ची खाच कितीतरी रुंद असते, त्यामुळे बारीक सुई तळाशी घासत जाते आणि ऐकू येते ती नुसती खरखर. ही खरखर मात्र खरोखर घालवता येते: ७८ साठीची, साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लावा.

बॉब पॉवर यांच्या नावाची दुरुस्ती पुढच्या रविवारी आली तरी चालेल. स्पिरिटबद्दलची उद्याच्याच अंकात, पहिल्या पानावर द्यावी. लोक सुट्टीच्या दिवशी माळे काढतात.

आपला नम्र,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे