सुभेदार काका, त्या कापलेल्या गाठीसाठी

आदरणीय सुभेदार काका,
सादर नमस्कार.

काश्मीरमधल्या गंगाबल तळ्यावर मासे धरून परतल्यापासून हे पत्र लिहायचे मनात आहे, पण लिहायला बसले की डोळे भरून येतात आणि राहून जाते. आज लिहितेच, आणि आपल्या कोल्हापुरातल्या चार लोकांनीही वाचावे म्हणून उघडपणे लिहिते.

हरमुखच्या पायथ्याशी, साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या त्या तळ्याच्या काठी वारा असा सुटला होता की संधिवाताने आधीच आखडलेली माझी बोटे पार बधिर झाली. गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या त्या इवल्या फ्लायच्या, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या नकली किड्याच्या, नेढ्यात तंगूस काही केल्या जाईना. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत, क्षणात गाठ मारलीत. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेत, आणि मारलेली गाठ कापून फ्लाय पुन्हा माझ्या तळहातावर ठेवलीत. “तुम्हीच बांधा ताई, मी वारा अडवतो,” एवढेच म्हणालात आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात. मी पाच वेढे दिले, गाठ ओठांत धरून ओली केली, बेताबेताने ओढून आवळली. बराच वेळ लागला. पण तुम्ही एकदाही घाई केली नाहीत.

हे मला इतके का लागले, तेही सांगते. याआधी ज्या सहल कंपनीने मला ट्राउट धरायला नेले होते, तिच्या माणसाने माझे हात पाहताच रॉड काढून घेतला, स्वतः मासा लावला आणि तो धडपडत असतानाच रॉड माझ्या हाती देऊन फोटो काढला. पैसे चोख घेतले, वर उपकार केल्याचा आव आणला. तो फोटो मी आजवर कोणालाही दाखवलेला नाही. दुबळ्याचे काम आपण उरकून टाकणारी माणसे पुष्कळ भेटतात. त्याचे काम त्याच्याच हाती राहू देऊन शेजारी उभी राहणारी फार थोडी, आणि खरी सभ्यता मला अशांपाशीच दिसली आहे.

कळंबा तलावाच्या काठी गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून तुम्ही माझ्याकडून सराव करून घेतलात. फ्लायला वजन नसते, लाइनच्या, म्हणजे रॉडवरच्या जाड दोरीच्या, वजनाने ती पुढे जाते, तेव्हा खांद्याचा जोर नको, मागे लाइन पुरती उलगडेपर्यंत थांबा, हे तुम्ही न कंटाळता सांगत राहिलात. विलायतेहून १८९९ मध्ये काश्मीरला पाठवलेली ट्राउटची अंडी वाटेतच नासली आणि १९०० मध्ये पुन्हा आणलेली जगली, ही हकिकतही मी हताश झाले तेव्हाच तुम्ही सांगितलीत.

त्या दिवशी लागलेली ट्राउट हात ओले करून, पाण्यातच धरून मी सोडली. तुम्ही लांबच थांबला होतात.

संधिवाताच्या माझ्या दोन मैत्रिणींना आता हे शिकायचे आहे. गाठ मी शिकवते आहे. फेक शिकायला मात्र त्यांना तुमच्याकडेच पाठवीन म्हणते. चालेल ना?

आपली कृतज्ञ,
कळंब्याच्या काठावरची विद्यार्थिनी