बाळाला एकदा पालथं करून बघा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझ्या मुलीला जन्मतःच कमरेवर, मणक्याच्या बरोब्बर मधोमध केसांचा झुबका होता, चांगला बोटभर लांब. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या मारुतीरायाची खूण आहे, नशीब काढलं पोरीने, आणि सासूबाईंनी तर शनिवारी तेल घालायला सुरुवात केली. मीपण खुश होते, खोटं कशाला बोलू.

सात वर्षांची झाली तरी रात्री अंथरूण ओलं. आळशी आहे, झोपताना पाणी देऊ नका, हेच सगळे सांगायचे. मग जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला गेलो तर उजवा फिट आणि डावा चालताना निघून यायचा, दुकानदाराने मापलं तर डावं पाऊल एक नंबर लहान! पुढे कापूस कोंबून वर्ष काढलं. दोन डॉक्टरांनी पाय बघितला, पाठ कोणीच नाही. शेवटी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी फ्रॉक वर केला, केस बघितले आणि लगेच एमआरआय लिहून दिला. मज्जारज्जूचे दोन भाग झालेले आणि मध्ये हाडाचा काटा, म्हणजे खुंटीला अडकवल्यासारखं, मूल उंच होत जातं तसा मज्जारज्जू ताणला जातो आणि पाय, लघवी सगळं हळूहळू बिघडतं. स्प्लिट कॉर्ड म्हणतात. ऑपरेशन करून काटा काढला, पुढचं बिघडणं थांबलं पण गेलं ते सगळं परत आलं नाही, अजून दिवसातून चार वेळा नळीने लघवी काढावी लागते, शाळेतसुद्धा.

त्यात मला ऐकावं लागलं की सातव्या महिन्यात ग्रहण पाळलं नाहीस. अहो हा दोष गर्भाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच होतो, तेव्हा मला दिवस गेल्याचंही धड कळलं नव्हतं!

ढुंगणावरचे निळसर डाग आपल्याकडे खूप बाळांना असतात, त्याला घाबरायचं नाही. पण कमरेवर मधोमध केसांचा झुबका, चरबीची गाठ किंवा भोक दिसलं तर दाखवा, आणि लवकर दाखवा, कारण तान्ह्या बाळाची मणक्याची हाडं पूर्ण कडक झालेली नसतात म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांत साध्या सोनोग्राफीतही मज्जारज्जू दिसतो, नंतर एमआरआयच लागतो.

मुंबईत दीड महिन्याच्या डोसला बहुतेक सगळे बाळाला महापालिकेच्या दवाखान्यात नाहीतर प्रायव्हेटमध्ये नेतातच. तिथल्या सिस्टरनी तेव्हाच लंगोट जरा खाली करून पाठ बघावी. याला मशीन लागत नाही की वेगळं बजेट.

- एक आई, भांडुप